केसपेपर, कॅशलेस आणि त्रैराशिक

(आपल्या १९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही वाक्यं नीट केली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस तर एआयवर बोल. मी म्हटलं, आपण सगळे पंचेचाळीशीच्या आसपास आलो, आपल्याला एआयपेक्षा ईसीजीची माहिती जास्त उपयोगी पडेल. त्यावर ते हसले आणि हो म्हणाले. म्हणून आज मी हॉस्पिटलच्या बिलावर बोलणार आहे. सणासुदीला हा काय विषय, असं वाटेल. पण गेल्या वर्षभरात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न मी मोजला. "अमुक हॉस्पिटलमध्ये कोणी ओळखीचं आहे का?" हाच तो. डोंबिवलीत तीस-पस्तीस वर्षं काढलेली, शिकलेली, कमावती माणसं आपण, आणि आजारपण आलं की पहिल्यांदा ओळख शोधतो. का शोधतो, ते मला सांगायचं आहे.

सुरुवात बाबांच्या कंपनीपासून करते. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, साठच्या दशकातली. आपल्या वर्गात निम्म्यांचे वडील एकतर तिथे, नाहीतर इथल्या एमआयडीसीत, नाहीतर अंबरनाथला, आणि उरलेले सीएसटीची लोकल पकडणारे. बाबांच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे 'ईएसआय'चे म्हणून कापले जायचे. कामगार राज्य विमा. १९४८चा कायदा आणि १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेली योजना. कामगार थोडं देतो, मालक जास्त देतो, आणि आजारी पडल्यावर कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना खिशात हात घालावा लागत नाही. मी चौथीत असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन वागळे इस्टेटच्या कामगार विमा रुग्णालयात झालं. हिरव्या रंगाच्या भिंती, लोखंडी कॉट आणि स्टीलच्या ताटलीतला गुरगुट्या भात मला आठवतो. आईला त्या हॉस्पिटलची लाज वाटायची. शेजारणींना ती "ठाण्याला मोठ्या दवाखान्यात" एवढंच सांगायची. पण बिल शून्य होतं, आणि ते शून्य आहे याचं घरात कुणालाच कौतुक नव्हतं.

मी नववीत असताना कारखाना बंद पडला. ठाण्यातले कितीतरी कारखाने त्याच सुमाराला बंद पडले, तुमच्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. बाबांची नोकरी गेली, तसं ते कार्डही गेलं. पगार गेल्याचं दुःख सगळ्यांनी बघितलं, कार्ड गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. ते लक्षात यायला मला पंचवीस वर्षं लागली.

मधला काळ आपल्या सगळ्यांचा सारखाच आहे. फॅमिली डॉक्टर, रंगीत मिक्श्चरची बाटली आणि तिच्यावर चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी, म्हणजे एका खाचेपर्यंत एक डोस. मोठं काही झालं तर पहिल्या मजल्यावरचं नर्सिंग होम. खाली साड्यांचं दुकान, वर डॉक्टर नवरा-बायको, मध्ये अरुंद जिना, आणि पेशंटला खुर्चीवर बसवून चौघांनी वर न्यायचं. डोंबिवलीचं आरोग्य या नर्सिंग होमांनी सांभाळलं, हे म्हटलंच पाहिजे. कारण सरकारी काय होतं? पश्चिमेला शास्त्रीनगर, कल्याणला रुक्मिणीबाई. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती. त्यानंतर पलाव्यापासून टिटवाळ्यापर्यंत काय उभं राहिलं ते आपण लोकलच्या खिडकीतून रोज बघतो. एवढ्या माणसांना पालिकेची दोन मोठी रुग्णालयं.

इथे थोडं नागरिकशास्त्र. (सर समोर बसलेत, चुकलं तर थांबवा.) सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय. पण शहरात दवाखाने चालवायचं काम बरंचसं महापालिकेवर आलं आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य हे पालिकेच्या कामांमध्ये घातलं आहे. म्हणजे राज्याची सिव्हिल हॉस्पिटलं वेगळी, त्यांचा पैसा राज्याच्या तिजोरीतून. पालिकेची रुग्णालयं वेगळी, त्यांचा पैसा तुमच्या-आमच्या घरपट्टीतून आणि इकडून तिकडून मिळणाऱ्या अनुदानांतून. कामगारांची वेगळी, रेल्वेची वेगळी. कल्याणला रेल्वेचं हॉस्पिटल आहे, पण दारातून गेलो तरी ते आपलं नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. प्रत्येकीचं बजेट वेगळं. ताप मात्र पालिकेची हद्द ओळखत नाही, आणि पेशंटही नाही.

याचा परिणाम काय होतो ते ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याला दिसलं. छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाणे महापालिकेचं, ५०० खाटांचं. तिथे चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्या वेळी ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी पाडायला घेतली होती. त्यामुळे तिथला भार इकडे आला होता. शिवाय आपल्याकडून, भिवंडीकडून, शहापूर-मुरबाडकडून लोक कळव्यालाच येतात. अनेक रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, काही खासगी दवाखान्यांतून, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. ते खरं मानलं तरी प्रश्न उरतोच. एका पालिकेच्या पैशावर उभं असलेलं हॉस्पिटल अख्ख्या जिल्ह्याचं शेवटचं स्टेशन कसं झालं? मी त्या आठवड्यात ऑफिसला जाताना कळव्याला गाडी थांबली की रोज खिडकीकडे बघायची. बाकी काही करता येत नव्हतं.

आता माझ्या धंद्याकडे येते. आणि इथे मला बाईंची क्षमा मागायची आहे.

सातवीत बाईंनी आपल्याला त्रैराशिक शिकवलं. पाच वह्यांची किंमत अमुक, तर तीन वह्यांची किती? मला ते इतकं आवडायचं की मी घरी भाजीवाल्याच्या हिशोबालाही लावायची. इंजिनिअरिंग झाल्यावर काही वर्षांनी मी एका कंपनीत लागले. आरोग्य विम्याचे क्लेम तपासणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. मेडिक्लेम आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणला, पण त्याचा व्याप खरा वाढला तो २००० नंतर. क्लेमच्या फायलींचे ढीग लागले आणि ते तपासायला यंत्र हवं झालं. २००९ मध्ये माझ्याकडे एक नियम आला: रूम रेंटची मर्यादा.

नियम असा. विम्याची रक्कम तीन लाख असेल, तर खोलीचं भाडं रोज तिच्या एक टक्का, म्हणजे तीन हजारांपर्यंतच मिळेल. समजा पेशंटने पाच हजारांची खोली घेतली. आपल्याला वाटतं की वरचे दोन हजार आपण भरू, विषय संपला. तसं नाही. तीन भागिले पाच, म्हणजे साठ टक्के. आता डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं साठ टक्केच मंजूर. कारण काय, तर हॉस्पिटल महागड्या खोलीतल्या पेशंटला सगळ्याच गोष्टी महाग लावतं. युक्तिवाद अगदीच खोटा नाही. तेव्हा मला तर तो फार सुरेख वाटला. शुद्ध त्रैराशिक! मी दोन दिवसांत कोड लिहिला, सोळा टेस्ट केस लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. टेस्ट केसमधल्या पेशंटचं नाव आम्ही 'एबीसी' ठेवलं होतं. साहेबांनी शाबासकी दिली.

२०१८ मध्ये बाबांच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचे साडेदहा. आम्ही त्यांना रिक्षाने जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. दोन तासांत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टर चांगले, स्टाफ चांगला. तक्रार नाही. ॲडमिट करताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, ट्विन शेअरिंग की सिंगल?" मी म्हटलं सिंगल. बाबांना झोप लागली पाहिजे ना.

पाचव्या-सहाव्या दिवशी घरी सोडायची वेळ आली. बिल दोन लाख ऐंशी हजार. 'कॅशलेस' मंजूर झालं आणि त्यातून चौसष्ट हजार कापून आले. (हातमोजे, मास्क, कापूस असल्या वस्तूंचे वेगळे.) मी चिडून कागद मागितला. त्यावर कापण्याचं कारण एका ओळीत छापलं होतं. ती ओळ मीच लिहिलेली होती. शब्दही तेच, आणि एक इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं तेसुद्धा तसंच.

हिशोब सांगते. आयसीयूचे दिवस मर्यादेत बसले. औषधं आणि स्टेंट पूर्ण मिळाले. खोली चार दिवस, पाच हजारांप्रमाणे वीस हजार, त्यातले बारा मंजूर, आठ हजार गेले. आणि डॉक्टर, कॅथलॅब वगैरेचे एक लाख चाळीस हजार, त्याचे साठ टक्के चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे छप्पन्न हजार गेले. आठ आणि छप्पन्न, चौसष्ट. आठ हजारांच्या सुखासाठी चौसष्ट हजार. बाई, गणित एकदम बरोबर आहे. मी काउंटरपाशी उभी राहून दोनदा करून पाहिलं.

चौसष्ट हजार मी भरू शकले. पण त्या रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ होते, त्यांच्या हातातही तसाच कागद होता आणि ते फोनवर कुणाला तरी सोन्याचा भाव विचारत होते. नऊ वर्षांत माझ्या त्या नियमाने किती 'एबीसीं'चे पैसे कापले असतील, हे मी नंतर कधी विचारलं नाही. कंपनीत विचारलं असतं तर आकडा मिळाला असता. मी विचारलं नाही, एवढंच सांगते.

नंतर नियामकाने २०२० मध्ये या कपातीला थोडी वेसण घातली. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही टक्केवारी लावायची नाही, असं ठरलं. बऱ्याच नव्या पॉलिसींमध्ये खोलीची मर्यादाच नसते. पण तुमच्यापैकी ज्यांची पॉलिसी जुनी आहे, दरवर्षी नुसती रिन्यू करत आला आहात, त्यांनी आज घरी जाऊन 'रूम रेंट' एवढे दोन शब्द शोधा. आणि ॲडमिट करताना खोली निवडण्याआधी मर्यादा विचारा. हेही सांगते, की सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. लाख-सव्वा लाखाचा औषधी स्टेंट २९ हजार ६०० वर आला. बाबांना त्याचा फायदा मिळाला. तरी अँजिओप्लास्टीचं एकूण बिल म्हणावं तेवढं कमी झालं नाही. एक दार बंद केलं की बिल दुसऱ्या खिडकीतून आत येतं, हे मला आतल्या बाजूने माहीत होतं.

आता दुसरा पेशंट.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. त्यांचे यजमान रिक्षा चालवायचे, स्टेशन ते मानपाडा रोड. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या रिक्षात नक्की बसलं असेल. २०२२चा शनिवार, संध्याकाळी त्यांना तेच दुखणं आलं जे बाबांना आलं होतं. वयाने मात्र बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान. मावशींनी त्यांना जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं. मावशींनी मला फोन केला. मी परदेशातल्या क्लायंटच्या कॉलवर होते आणि फोन सायलेंटवर होता. रात्री अकराला बघितलं, सात मिस्ड कॉल.

तोपर्यंत ते एका सरकारी रुग्णालयात पोचले होते. तिथे इंजेक्शन वगैरे दिलं, पण कॅथलॅब नव्हती. मग १०८ची गाडी, मग दुसरं रुग्णालय, तिथे खाट नाही. मी त्यांना गाठलं तेव्हा रविवारची पहाट झाली होती. मी म्हटलं, मावशी, रेशनकार्ड आहे ना? त्या म्हणाल्या, "आहे ना ताई. पण गावाला हाय, मुरबाडला. दिराच्या कपाटात."

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरात राज्यभर आली, २०१७ मध्ये नाव बदललं. त्या वेळी पिवळ्या आणि केशरी कार्डाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार होते. पैसे सरकारकडून, उपचार योजनेत असलेल्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात. मी माझं सगळं इंजिनिअरिंग पणाला लावलं. पुतण्याला फोन केला, तो मुरबाडहून एसटीने कार्ड घेऊन निघाला. कार्डात यजमानांचं नाव होतं, पण आधारवरच्या नावाशी एक अक्षर जुळत नव्हतं. मग त्यासाठी आणखी एक कागद. सोमवारी दुपारी ठाण्याच्या बाजूला योजनेतलं एक रुग्णालय मिळालं. तिथल्या आरोग्यमित्राने खरोखर धावपळ केली. संध्याकाळी स्टेंट बसला. बिल शून्य. घरी जाताना रिक्षाभाडंसुद्धा मिळालं.

पण शनिवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ. बाबांचं काम दोन तासांत झालं होतं, त्यांचं दोन दिवसांनी. मधल्या वेळात हृदयाचा जो भाग गेला तो गेला. डॉक्टरांनी जड काम आणि लांबचं ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. रिक्षाचं कर्ज दोन वर्षं बाकी होतं. आज ते एका सोसायटीत रात्रपाळीला खुर्चीवर बसतात, आणि मावशींनी माझ्याशिवाय आणखी तीन घरं धरली आहेत.

नंतर मी योजनेचे कागद वाचून काढले. सवय आहे मला. त्यात लिहिलं आहे की तातडीचा रुग्ण असेल तर रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊ शकतं आणि कार्ड वगैरे नंतर तीन दिवसांत दाखवता येतं. म्हणजे मुरबाडहून एसटी येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. योजनेतल्या रुग्णालयात थेट गेलो असतो तर रविवारीच झालं असतं. कुठलं रुग्णालय योजनेत आहे हे फोनवर विचारता येतं, नंबर १५५३८८. तो मला माहीत नव्हता. विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या बाईला माहीत नव्हता. मावशींना कोण सांगणार होतं?

तेव्हापासून मला पैसा कुठून येतो हे वाचायचं व्यसन लागलं. थोडेच आकडे सांगते. आपल्या देशात आरोग्यावर जे शंभर रुपये खर्च होतात, त्यातले २०१३-१४ मध्ये चौसष्ट रुपये लोक थेट स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२च्या सरकारी हिशोबात ते एकोणचाळीसवर आले. सुधारणा मोठी आहे, नाकारत नाही. तरी एकोणचाळीस फार आहेत. आणि सरकारचा खर्च, केंद्र आणि राज्य मिळून, देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५पर्यंत अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. गंमत म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने अहवाल दिला होता की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. ब्रिटनने १९४८ मध्ये करामधून सगळ्यांना मोफत सेवा सुरू केली. थायलंड आपल्यासारखाच, फार श्रीमंत नाही. त्यांनी २००१-०२ मध्ये तीस बाथमध्ये उपचार, बाकी सरकार भरेल, असं केलं. आपला एक मित्र मँचेस्टरला असतो. तो सांगतो, "इथे बिल येत नाही, पण गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष-वर्ष थांबावं लागतं." असेल. रांग कुठेतरी लागतेच. ती पैशाची लावायची की नंबराची, एवढंच ठरवायचं असतं. मला नंबराची बरी वाटते.

आणि विम्याने सगळं सुटेल असं जे हल्ली वाटतं, ते मला पटत नाही. माझं पोट त्याच्यावर चाललं तरी. विमा ॲडमिट झाल्यावर लागू होतो. बीपी, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, हा खर्च त्यात बहुतेक येतच नाही. खिशातून जाणाऱ्या पैशात मोठा वाटा याच गोष्टींचा असतो. मावशींच्या यजमानांचा स्टेंट फुकट झाला, पण गोळ्या दर महिन्याला लागतात. त्या जनऔषधीच्या दुकानातून घेतल्यापासून बऱ्याच स्वस्त पडतात. तेही मी सांगेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाव आणि दुकानातलं नाव वेगळं, म्हणून त्या दोनदा परत आल्या होत्या.

कोविडचं थोडक्यात सांगते, कारण ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे आणि आपल्या बॅचचे दोघे आज इथे नाहीत. त्या दोन वर्षांत आपल्याच गावाने एक गोष्ट करून दाखवली. खासगी डॉक्टर, त्यांची आयएमए आणि पालिका एकत्र आले. क्रीडासंकुलात खाटा लागल्या आणि नर्सिंग होमवाले डॉक्टर तिथे पाळ्या लावून गेले. देशातल्या स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविडमधल्या नव्या कल्पनेचं बक्षीस कल्याण-डोंबिवलीला मिळालं, वाराणसीबरोबर. म्हणजे सरकारी आणि खासगी यांच्यामधली भिंत हलवता येते. मग हार्ट ॲटॅकसाठी ती का हलत नाही, हा प्रश्न मी इथल्या डॉक्टर मित्रांना विचारते. ते म्हणतात, योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात. त्यांचंही खोटं नाही. छोट्या नर्सिंग होमला सहा महिने थकबाकी झेपत नाही. पण त्यावर उपाय म्हणून योजनेतून बाहेरच राहायचं, हे मला पटत नाही, आणि आज चहाला मी हा वाद पुन्हा घालणार आहे.

आता कामाच्या गोष्टी. फुले योजना आता सगळ्यांना आहे. केशरी-पिवळंच नाही, पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख. १९९९ मध्ये तीन रंगांची कार्डं आली तेव्हा आपल्या घरांत पांढरं कार्ड आलं आणि आपण ते कपाटात टाकून दिलं. ते शोधा. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तशी योजनाच घालून दिली आहे. तुमच्या घरी काम करणाऱ्या, गाडी धुणाऱ्या, पेपर टाकणाऱ्या माणसासाठी हे विचारा. तुम्ही विचारलंत तर उत्तर लवकर मिळतं, हे वाईट आहे, पण खरं आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा मोफत आहे. पालिकेची रुग्णालयं त्या विभागाखाली येत नाहीत, तिथे वेगळी चौकशी करा. आणि प्रत्येक खासगी हॉस्पिटलने आपले दर दिसतील असे लावले पाहिजेत, हा २०२१चा नियम आहे. मागायला लाजू नका. आपण साडी घेताना भाव विचारतो.

शेवटचं, आणि हे खास सर आणि बाईंसाठी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. त्यालाही वर्षाला पाच लाख. स्वतःची मेडिक्लेम असली तरी चालतं. केंद्र सरकारची सीजीएचएस असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं. सगळी हॉस्पिटलं त्यात नाहीत, डोंबिवलीतली थोडीच आहेत, तेव्हा आपल्या घरापासून कुठलं जवळ आहे ते आत्ताच बघून ठेवायचं, रात्री साडेदहाला नाही. कार्ड काढायला आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल एवढंच लागतं. मी लॅपटॉप आणला आहे. आत्ता जेवणाच्या आधी चहाच्या टेबलाशेजारी बसणार आहे. माझ्याबरोबर आपल्या वर्गातले आणखी दोघे आहेत, एक बँकेतला आणि एक फार्मसीवाली. पहिला नंबर बाईंचा, त्यांना रांगेत उभं करायचं नाही.

(त्या दिवशी आम्ही अकरा कार्डं काढली. बाईंचं निघालं नाही. त्यांच्या आधारला त्यांच्या गेलेल्या यजमानांचा मोबाईल नंबर जोडलेला होता आणि ते सिम केव्हाच बंद झालं होतं. पुढच्या शनिवारी मी त्यांना आधार केंद्रावर घेऊन गेले. रांगेत उभ्या असताना त्यांनी मला माझा तो नियम पुन्हा समजावून सांगायला लावला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "रीत बरोबर आहे. पण आठ हजार जास्तीचे घेतले त्याला चौसष्ट का, हे तू साहेबांना विचारायला हवं होतंस. उदाहरण नीट वाच, हे मी तुम्हाला किती वेळा सांगायची." त्यांचं कार्ड तीन आठवड्यांनी आलं.)